'कट्यार' पडद्यावर पाहताना नेमकं काय हरवतं?

दुर्वा

गेल्या रविवारी घरी सगळ्यांनी मिळून 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट पुन्हा पाहिला. २०१५ च्या दिवाळीत थिएटरमध्ये पाहिला होता. तेव्हा बाहेर पडताना सगळे भारावलेले होते आणि मी गप्प होते. वाटलं, अपेक्षा फार ठेवल्या असतील, कधीतरी शांतपणे पुन्हा पाहू. आता शांतपणे पाहिला. 'सूर निरागस हो'ला याही वेळी डोळे भरून आले आणि शेवटाला याही वेळी मी कोरडीच राहिले.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी. नाटक मी पाहिलं ते २०१० साली ते पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा. पंडितजींना हटवून दरबारी गवई झालेले खाँसाहेब म्हणजे राहुल देशपांडे, त्यांची गायकी चोरून शिकणारा पंडितजींचा शिष्य सदाशिव म्हणजे महेश काळे, दिग्दर्शन सुबोध भावे. चित्रपटाचं दिग्दर्शनही सुबोध भावे यांचंच. खाँसाहेबांचा गाता गळा राहुल देशपांडे यांचा, सदाशिवचा महेश काळे यांचा. जुन्या पदांचं संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचंच. म्हणजे गळे तेच, चाली त्याच, दिग्दर्शक तोच. नाटकाच्या शेवटी मी हुंदके देत होते, आईनं हात धरून उठवलं. पडद्यावर तेच सूर कानावर पडतात आणि मी घड्याळ बघते.

चित्रपट वाईट आहे असं मला म्हणायचंच नाही. कपडेपट, हवेली, प्रकाश, सगळं मन लावून केलेलं आहे. पण मधे काहीतरी गळून पडलंय आणि ते काय आहे हे मला बोट ठेवून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं झालं का? की नाटक आधी पाहिलं म्हणून मी चित्रपटाला न्याय देत नाहीये?

गवती_चहा

शेवटाला कोरडी राहणारी मी एकटीच नाही हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी हे बोलायची सोय नाही. वाचतेय.

यमनी

दुर्वाताई, मी पूर्ण असहमत. हा चित्रपट आला तेव्हा मी दहावीत होते. तोवर नाट्यसंगीत म्हणजे आजोबा रविवारी लावायचे ते काहीतरी, इतकंच माहीत होतं. 'कट्यार' पाहून आले आणि पुढच्याच महिन्यात आईला म्हटलं, मला गाणं शिकायचंय. तेव्हापासून शिकतेय. आमच्या क्लासमधल्या निम्म्या मुलामुलींची गोष्ट हीच आहे. नाटकाचे प्रयोग ज्या गावांत कधी पोचले नसते तिथे चित्रपट पोचला. त्यामुळे "गळून पडलं" हे वाचून थोडं लागलं, खरं सांगते.

आबा_नागपूर

पोरी, लागू देऊ नकोस. तू गाणं शिकतेस हे वाचूनच माझा दिवस चांगला गेला.

आता माझं सांगतो. नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा, पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'चा. तो काही मी पाहिला नाही, तेव्हा शाळेत होतो. पण पुढे सत्तरच्या दशकात वसंतराव देशपांड्यांना खाँसाहेबांच्या भूमिकेत तीन वेळा पाहिलं. आम्हा वैदर्भीयांना त्यात अंमळ जास्तच अभिमान: लिहिणारे आणि बसवणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि वसंतराव मूळचे मूर्तिजापूरचे. घरचंच कार्य असल्यासारखे आम्ही जायचो.

तीन प्रयोग पाहिले आणि तिन्ही वेळा वसंतराव वेगळे गायले. मी अतिशयोक्ती करत नाही. पदाचे शब्द तेच, चाल तीच, पण आतली वाट निराळी. एकदा एका जागेवर ते थांबले, आम्हाला वाटलं सूर हरवला की काय, आणि तिथून त्यांनी अशी काही तान घेतली की माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या मांडीवर थाप मारून बसला. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजही तो माणूस रस्त्यात दिसला तर ओळखीन.

आणि 'घेई छंद मकरंद'. शब्द एकच, पंडितजींची चाल वेगळी, खाँसाहेबांची वेगळी. एक देवघरात बसल्यासारखी आणि दुसरी उसळत अंगावर येणारी. घराणं म्हणजे काय हे त्या दोन चालींनी सभागृहातल्या शेवटच्या रांगेला कळायचं, एका शब्दानं समजावून न सांगता. दारव्हेकरांनी आणि अभिषेकींनी मिळून साधलेली ही गोष्ट मला अख्ख्या नाटकातली सर्वांत थोर वाटते.

मधुरा७

आबा, "एका शब्दानं समजावून न सांगता" हे वाचलं आणि माझी तक्रार मला सापडली. चित्रपटात दरबारी गवयाला मानाची म्हणून मिळणारी ती कट्यार स्वतः बोलते. रीमा लागूंचा आवाज आहे, आवाजाला नावं ठेवायला जागा नाही. पण ती कट्यार मला प्रत्येक वळणावर सांगते की आता काय झालं, कुणाच्या मनात काय चाललंय, याचा परिणाम काय होणार. मला ते माझं मला कळू द्या ना! नाटकात मधे बोलणारा एक माणूस होता, कविराज बाँकेबिहारी. पण तो त्या दरबारात वावरणारा माणूस होता, त्याचं बोलणं हे एका माणसाचं मत होतं. कट्यार बोलते तेव्हा ते मत राहत नाही, निकाल होतो.

दुसरं, शेंदूर. चित्रपटात शेंदूर खाऊ घातल्यानं पंडितजींचा गळा कसा गेला हे आपण डोळ्यांनी पाहतो. एकदा ते पाहिलं की पुढे माझं मन सूडाच्या गोष्टीत शिरतं: हे उघड कधी होणार, कुणाला शिक्षा होणार. घराण्याची गायकी कुणाची? ती घरात कोंडून ठेवता येते का? शिकायची भूक लागलेल्या पोरानं ती चोरली तर तो चोर का? हे प्रश्न मागे राहतात. गोष्ट गाण्याची होती, ती घशाची झाली.

गवती_चहा

"गोष्ट गाण्याची होती, ती घशाची झाली" हे मी वहीत उतरवून घेतलं आहे.

यमनी

मधुराताई, पण चित्रपटाला पूर्वकथा दाखवावीच लागते ना? पंडितजी आणि खाँसाहेब यांची मैत्री, पंडितजींचं मोठेपण, हे न बघता थेट खाँसाहेबांच्या हवेलीत पाऊल ठेवलं असतं तर माझ्यासारखीला काहीच कळलं नसतं. नाटकाच्या प्रेक्षकाला सगळं आधीच ठाऊक असतं. चित्रपटाच्या प्रेक्षकाला नसतं.

आणि खाँसाहेब मला तरी निव्वळ दुष्ट वाटले नाहीत. वर्षानुवर्षं हरत राहिलेल्या माणसाचं ते जळणं सचिन पिळगांवकरांच्या डोळ्यांत दिसतं. 'दिल की तपिश' आठवा.

सिंक_साउंड

डोळ्यांबद्दल यमनीशी सहमत. तक्रार डोळ्यांची नाहीच, गळ्याची आहे, आणि तो दोष कुणा नटाचाही नाही. माझं काम ध्वनिमुद्रणाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे चित्रपटातलं गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतं. मग सेटवर ते मोठ्यानं वाजवतात आणि नट त्यावर ओठ हलवतो. साध्या गाण्यात हे खपून जातं, कारण चाल आणि शब्द नटाला पाठ करता येतात. पण तीन सप्तकांत फिरणारी तान? तान घेताना माणसाच्या मानेवरच्या शिरा ताणतात, पोट आत जातं, खांदा उचलला जातो, श्वास कुठे घ्यायचा याची आधीच तयारी दिसते. कितीही जीव तोडून केलं तरी न गाणाऱ्या शरीरात हे उतरत नाही. संकलकाला ते कळतं. म्हणून तो काय करतो, तानेच्या ऐन मध्यात कॅमेरा उचलून ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर नेतो. राजा मान डोलावतोय, कुणी थक्क झालंय, परत नटाचा हात, परत झुंबर. पुढच्या वेळी शेवटची जुगलबंदी पाहताना मोजा, गाणारा गळा सलग किती सेकंद दिसतो.

उलट उदाहरण त्याच चित्रपटात आहे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत, गातातही तेच. ओठ त्यांनीही रेकॉर्डवरच हलवले असतील, पण त्यांच्या शरीराला ते गाणं ठाऊक आहे. दुर्वाताई, तुमचे डोळे 'सूर निरागस हो'ला भरून आले आणि शेवटाला नाही, याचं एक कारण मला हे वाटतं. तिथे आवाज आणि देह एकाच माणसाचे आहेत.

दुर्वा

सिंक_साउंड, हे मला कधीच सुचलं नसतं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी ते भक्तिगीत म्हणून मला भिडलं असं समजत होते.

तिसरी_घंटा

आवाज आणि देहाची ही फारकत आजची नाही. आपल्या रंगभूमीवर १८८० च्या 'शाकुंतल'पासून रिवाज असा की जो गातो तोच नट. बोलपट आल्यावरही सुरुवातीला तेच होतं. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः गायचे, संगीतही त्यांचंच. आणि हेच टेंबे 'मानापमान'चे संगीतकार, १९११ चे. म्हणजे नाटकाचं संगीत आणि बोलपटाचं संगीत एकाच माणसाच्या पेटीतून निघालं. पार्श्वगायन रुळलं ते नंतर.

पण नट स्वतः गातो म्हणून जमेलच असंही नाही बरं का. १९३५ साली 'प्रभात'नं खुद्द बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त एकनाथ केलं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, गळा गंधर्वांचा, आणखी काय हवं? पण ज्यांच्या एका हरकतीसाठी लोक 'वन्समोअर' देऊन रात्रीची पहाट करायचे, त्यांच्यासमोर आता वन्समोअर द्यायला कुणी नव्हतं. ते चित्रपटात रमले नाहीत.

'मानापमान'वरूनच आठवलं. ८ जुलै १९२१ चा संयुक्त मानापमानचा प्रयोग: भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन कंपन्या, दोन गायकनट, दोघांच्या वेगळ्या तऱ्हा आणि एकच रंगमंच. माझ्या मनातली खरी जुगलबंदी ती. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' चित्रपट आला तेव्हा मी त्यातलं काहीतरी सापडेल म्हणून धावत गेलो होतो. शंकर-एहसान-लॉय यांची गाणी कानाला गोड होती. पण माझ्या मनात मूळ नाटककार खाडिलकरांच्या पदांनी जी जागा धरून ठेवली होती ती तशीच रिकामी घेऊन परतलो.

मधुरा७

तिसरी_घंटा, 'मानापमान'वर वेगळा धागा काढा, तिथे मी भांडायला येते. तिथे दीनानाथ मंगेशकरांच्या 'शूरा मी वंदिले'चाही हिशेब करू. इथे कट्यारच राहू दे.

तिसरी_घंटा

काढतो. पण दीनानाथांच्या चालींवर तुम्ही काही बोललात तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगतो.

थेम्सकाठी

इकडच्या संगीतिकांबद्दल थोडं. 'ले मिझराब्ल' मी लंडनमध्ये रंगमंचावर चार वेळा पाहिलं आहे. २०१२ च्या चित्रपटात दिग्दर्शक टॉम हूपरनं नेमका हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला: नटांना सेटवर प्रत्यक्ष गायला लावलं. कानात छोटं यंत्र, त्यात पियानोची साथ, आणि वाद्यवृंद नंतर जोडला. श्वास, हुंदका, फाटलेला आवाज सगळं खरं. तरी मी निराश झालो. कारण कॅमेरा इतका जवळ नेला की प्रत्येक दुःख माझ्या नाकापाशी येऊन ओरडू लागलं. रंगमंचावर बाराव्या रांगेतून ते दुःख माझ्यापर्यंत चालत यायचं, मधलं अंतर मी भरायचो.

आणि त्याच दिग्दर्शकानं २०१९ साली केलेल्या 'कॅट्स'बद्दल मी एकच सांगतो. रंगमंचावर अंगाला चिकटलेले कपडे आणि रंगवलेला चेहरा घातलेला नर्तक हा १९८१ पासून लोकांना मांजर वाटत आला. पडद्यावर संगणकानं त्याच्या अंगावर खरी दिसणारी लव उगवली, आणि मांजर नाहीसं झालं. रंगमंच सुचवतो, पडदा दाखवतो. संगीतिका सुचवण्यावर जगते.

मग 'कट्यार'मध्येही सेटवर प्रत्यक्ष गाऊन घेतलं असतं तर?

सिंक_साउंड

थेम्सकाठी, मोठा प्रश्न विचारलात. तिकडच्या संगीतिकेत प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला असतो. नट दहा टेक गायला तरी चाल तीच राहते, म्हणून तिसऱ्या टेकमधली ओळ सातव्या टेकला जोडता येते. आपलं पद तसं नाही. आबांनी लिहिलंय ना, तीन प्रयोग आणि तीन वाटा. प्रत्येक टेकला आलाप निराळा, तान निराळी, लय केसभर पुढेमागे. जोडणार काय? एकच मार्ग: चार-पाच कॅमेरे लावायचे, तबला-तंबोरा समोर बसवायचा, अख्खं पद एका दमात गाऊ द्यायचं आणि जे मिळेल ते घ्यायचं. त्यासाठी नटच गवई हवा. निर्मात्याला हे पटवणं कठीण आहे, पण अशक्य नाही. एकदा तरी कुणी करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

गवती_चहा

मी पहिलं तिकीट काढते.

पायपेटी

उशिरा आलो. हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना मी तीस वर्षं ऑर्गनची साथ करतोय, म्हणून नाव पायपेटी. 'कट्यार'चे आमच्या मंडळाचे अकरा प्रयोग मी वाजवले आहेत. वर गळ्याबद्दल खूप बोलून झालं. मला कानाबद्दल लिहायचंय.

साथीदार पिटात बसतो, रंगमंच त्याला खालून दिसतो. गाणाऱ्याचा हात आणि तबलजीची मान, या दोनच गोष्टींवर माझी नजर असते, कारण पद कुठे वाढणार, कुठून परत फिरणार हे आधी ठरलेलं नसतं. प्रेक्षक खुलले तर गाणारा बोटानं खूण करतो, अजून एक फेरी. वन्समोअर आला तर अंतऱ्यापासून उचलायचं की मुखड्यापासून, हे अर्ध्या सेकंदात कळावं लागतं. पण अकराव्या प्रयोगापर्यंत माझा हात इतका बसला की मला इकडेतिकडे बघायला सवड मिळाली. आणि तेव्हा मी पहिल्यांदा सदाशिवकडे पाहिलं.

खाँसाहेब गात असतात. सदाशिवला ते शिकवणार नाहीत. तो नोकर होऊन त्या घरात शिरलेला आहे, ऐकायला. आमचा सदाशिव झालेला मुलगा एका कोपऱ्यात हातातलं काम करत उभा असायचा. आठ मिनिटं, दहा मिनिटं, जितकं पद चालेल तितकं. त्याला संवाद नाही, प्रकाशसुद्धा त्याच्यावर नाही. तो फक्त ऐकतोय. आणि मला एकदम लक्षात आलं की सभागृहातले सातशे लोक त्याच्याबरोबर तेच करताहेत. त्यांनाही खाँसाहेब शिकवत नाहीयेत. तेही अंधारात बसून चोरूनच ऐकताहेत. एखादी नवी जागा आली की सदाशिवचा हात थबकायचा आणि त्याच क्षणी प्रेक्षकांतून "वाह" यायचं. त्यानं ते अभिनयात ठरवलेलं नव्हतं, आमचा खाँसाहेब रोज वेगळा गायचा, त्यामुळे तो खरंच पहिल्यांदा ऐकत होता.

म्हणून शेवटी सदाशिव गायला लागतो तेव्हा प्रेक्षकाला माहीत असतं की हे त्यानं कुठून मिळवलं, कारण आपणही तिथेच होतो. कट्यार उपसलेली असते, त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ आहे, आणि आपल्याला वाटतं की हा चोर असेल तर आम्ही सगळेच चोर आहोत.

चित्रपटात हे ऐकणं येतं, पण मध्यंतरानंतर बरंच घडायचं असल्यामुळे लवकर उरकतं. शिवाय कॅमेरा आपल्याला खाँसाहेबांच्या शेजारी नेऊन बसवतो, सगळ्यांत उत्तम जागेवर. तिथून सगळं स्वच्छ ऐकू येतं. चोरून ऐकण्याची गरजच उरत नाही.

आबा_नागपूर

पायपेटीबुवा, पन्नास वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्हाला साष्टांग नमस्कार.

दुर्वा

पायपेटी, हेच! मला बोट ठेवता येत नव्हतं ते हेच होतं. २०१० च्या त्या प्रयोगात मी बराच वेळ गाणाऱ्याकडे पाहतच नव्हते, ऐकणाऱ्याकडे पाहत होते. घरी येताना आईला म्हटलंही होतं की तो सदाशिव किती छान ऐकतो. आई म्हणाली, "ऐकतो काय, गातो म्हण." मी म्हटलं, नाही, ऐकतो.

आबा_नागपूर

आता जरा उलट्या बाजूनं. आपण सगळे नाटकाची पालखी उचलायला लागलोय म्हणून सांगतो. माझे काका बालगंधर्वांच्या काळातले. १९६४ चं 'मत्स्यगंधा' आलं, मग 'कट्यार' आलं, आणि काका अभिषेकींवर नाराज. त्यांचं म्हणणं, ही काय पदं? पाच-सात मिनिटांत संपतात, आम्ही एका पदात जेवण जिरवायचो. त्यांना वाटायचं संगीत नाटक बुडालं. आम्हा तरुणांना वाटायचं आत्ता कुठे ते सुरू झालं, कारण पद गोष्टीला धरून यायचं, नट गोष्ट खुंटीला टांगून मैफल करत बसायचा नाही. काका खोटं बोलत नव्हते आणि आम्हीही नव्हतो. त्यांचं खरोखर काही हरवलं होतं.

म्हणून यमनीचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. 'अरुणी किरणी' हे नवं गाणं, चित्रपटासाठी केलेलं. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्या गाण्यासाठी. तेही अभिषेकींचेच शिष्य. म्हणजे पाणी वाहतंय, घाट बदललाय.

मधुरा७

आबा, मान्य. 'अरुणी किरणी' मीही रोज ऐकते. पण एक सांगा, तुमच्या काकांचं हरवलं होतं तेव्हा बदल्यात तुम्हाला गोष्टीला धरून येणारं पद मिळालं. इथे आम्हाला बदल्यात काय मिळालं? कव्वाली, मोठी हवेली आणि बोलणारी कट्यार. 'यार इलाही' वाजतं तेव्हा पाय ठेका धरतात हे खरं, पण मला ते त्या घरातलं वाटत नाही.

यमनी

मधुराताई, बदल्यात मी मिळाले. आमच्या बॅचची चौदा मुलं मिळाली. हे मी भांडायला म्हणत नाही, मनापासून म्हणतेय.

पण पायपेटीकाकांचा प्रतिसाद वाचून काल रात्री मी वसंतरावांचं 'सुरत पिया की'चं जुनं ध्वनिमुद्रण काढलं. आधी ऐकलेलं होतं, पण पाठ करण्यासाठी. कोणता राग कुठे बदलतो, तिहाई कुठे येते, वहीत खुणा करत करत. काल वही मिटून ऐकलं. ताईंच्या घरी मोठ्या मुली शिकत असताना दाराबाहेर बसून मी ऐकायचे, पहिल्या वर्षी, तेव्हा मला आत घेत नव्हते. तेच आठवलं. मग चित्रपटातली जुगलबंदी लावली आणि पहिल्यांदा मला वाटलं की इथे मला कुणी चोरून ऐकू देत नाहीये. सगळं हातावर आणून ठेवलंय. चित्रपट मला अजूनही आवडतो. पण दुर्वाताई, तुम्हाला काय झालं ते मला कळलं.

गवती_चहा

यमनी, तुझ्या वयाला मला इतकं शहाणपण असतं तर.

दुर्वा

यमनी, तुझा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

मी विचारलं होतं, नाटक आधी पाहिलं म्हणून असं होतंय का. काल माझ्या मुलीवर प्रयोग केला. तिचं वय नऊ, नाटक तिनं पाहिलेलं नाही, रविवारी चित्रपट आमच्याबरोबर पाहिला होता. शेवटचा प्रसंग पुन्हा लावला, आणि टीव्हीवर चादर टाकली. फक्त आवाज. मी स्वयंपाकघरात गेले, म्हणजे मी भिंतीपलीकडून ऐकणार. आणि मला रडू आलं! २०१० सारखं नाही, पण आलं. तेच गळे, तीच पदं. बाहेर येऊन बघते तर मुलगी चादरीच्या अगदी जवळ कान नेऊन बसलेली. म्हणाली, "आई, आत्ता जो हळू गातोय तो कोण? रविवारी तो नव्हता."

तो रविवारीही होता. सदाशिवच होता.

आता मला तिला नाटक दाखवायचंय. पायपेटी, तुमच्या मंडळाचा प्रयोग परत कधी?

पायपेटी

दुर्वाताई, मंडळाकडे सध्या खाँसाहेब आहे, पण त्यांची मुलगी झरीना नाही. झरीना करणारी मुलगी लग्न होऊन दूर गेली. 'लागी कलेजवा कटार' गाणारी कुणी मिळाली तर दिवाळीनंतर लावायचा विचार आहे. यमनी, तू इतकी वर्षं शिकतेयस ना?

यमनी

काका!! मी रंगमंचावर कधीच उभी राहिलेली नाही. गाणं येतं, बोलायला येत नाही. शिवाय परीक्षा आहे.

आबा_नागपूर

परीक्षा दरवर्षी असते. जा. मी नागपुराहून येईन.

मधुरा७

मीही. आणि तिसरी_घंटालाही आणते, दोघं मिळून वन्समोअर देऊ.

यमनी

आईला विचारते. ताईंनाही विचारावं लागेल.

पायपेटी

विचार. तालमी रविवारी सकाळी असतात, बोलायचं आम्ही शिकवू. तुझी पट्टी काळी चार की काळी पाच, तेवढं कळव, म्हणजे मी हात बसवायला घेतो.

यमनी

काळी चार.